पाच मिनिटांत दुप्पट
(एका विनोदी चित्रमालिकेवरील वर्गचर्चा)

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. जोयडा तालुक्यातील पाऊस कसा असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कौलांवर पावसाचा एकसारखा मारा चाललेला, ओहोळांना पूर आल्यामुळे वर्गातील चार-सहा बाके रिकामी, आणि त्यातच गणिताचे अध्यापक रजेवर. नववीचा तास आमच्याकडे आला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. गणिताच्या तासाला काय शिकवावे, ह्याचा विचार करीत आम्ही वर्गाच्या दाराशी आलो, तो आत मोठा गलका ऐकू आला.

वाद एका चित्रमालिकेवरून चालला होता. आदल्या रविवारी ज्यांच्या घरी वीज टिकली, त्यांनी 'डोरेमॉन'चा एक भाग पाहिला होता. आणि ज्यांच्या घरी ती टिकली नाही, त्यांना तो ते रंगवून सांगत होते. "नोबिता मूर्ख आहे," असे एका पक्षाचे म्हणणे. "चूक डोरेमॉनची आहे, त्याने ते औषध दिलेच का?" असे दुसऱ्या पक्षाचे. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी तर "मी असतो तर जन्मभर फुकट खाल्ले असते," असे छातीवर हात ठेवून सांगत होता.

आम्हांस पाहताच सर्व गप्प झाले. "पुस्तके काढा" हे शब्द आमच्या ओठांवर आलेही होते. परंतु त्या गलक्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती. कोकणी, मराठी व हिंदी अशा तिन्ही भाषांची सरमिसळ करून ही मुले भांडत होती खरी. पण त्यात 'जर', 'तर', 'कारण', 'म्हणून' हे शब्द वारंवार येत होते. ज्या भांडणात हे शब्द येतात ते भांडण नव्हे, ती चर्चा होय. तेव्हा आम्ही खडू हाती घेतला आणि तोच विषय पुढे चालविण्यास सांगितले. त्या तासात जे निष्पन्न झाले, ते थोडे संगतवार लावून विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

मालिका आणि तिचा कर्ता

ज्या पालकांना ही मालिका केवळ आवाजावरून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. डोरेमॉन हे बाविसाव्या शतकातून आलेले एक यंत्र-मांजर. नोबिता नावाच्या आळशी, रडव्या, परंतु मनाने चांगल्या शाळकरी मुलाच्या घरी ते राहते आणि पोटावरील पिशवीतून भविष्यकाळातील चमत्कारिक साधने काढून त्याला देते. साधन मिळाले की नोबिता त्याचा अतिरेक करतो आणि शेवटी फजीत होतो. असे ह्या कथांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

ह्या कथांचे जनक हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६). 'फुजिको एफ. फुजिओ' ह्या टोपणनावाने ते लिहीत. १९७० च्या जानेवारी अंकांपासून ही चित्रकथा जपानमधील शाळकरी मुलांच्या इयत्तावार मासिकांतून येऊ लागली. म्हणजे तिचा जन्म, आपल्या ह्या वार्षिक अंकाप्रमाणेच, विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या पानांवर झाला. पुढे ती दूरदर्शनवर गेली आणि २००५ सालापासून हिंदी भाषेतून भारतातील घराघरांत पोहोचली. विज्ञानकथेस इंग्रजीत ज्या 'एस्' व 'एफ्' ह्या दोन अक्षरांनी ओळखतात, त्यांचा अर्थ फुजिमोतो 'सुकोशी फुशिगी' असा लावीत. ह्या जपानी शब्दांचा अर्थ 'थोडेसे विलक्षण'. एरवीचे सारे जग आपल्या ओळखीचे ठेवावयाचे आणि त्यात एकच विलक्षण गोष्ट सोडून काय घडते ते पाहावयाचे, ही त्यांची रीत होती.

मुले ह्या मालिकेने बिघडतात, अशी तक्रार पालक करतात. ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. मुले आपल्या मातृभाषेऐवजी हिंदी बोलू लागली, ह्या कारणास्तव बांगलादेशात २०१३ साली हिंदी डोरेमॉनवर बंदी घालण्यात आली होती. आमचे म्हणणे इतकेच की, मूल काय पाहते ह्याबरोबरच पाहिलेल्या गोष्टीवर ते कसे बोलते, हेही पाहावे.

भागाची कथा

ज्या भागावरून वाद माजला, त्याची मूळ चित्रकथा ह्या मालेच्या सतराव्या खंडात आहे. नोबिताजवळ खावयास एकच कुरी-मांजू उरलेला असतो. मांजू म्हणजे पिठाची पारी आणि आत गोड सारण असा जपानी पदार्थ. आपल्या चतुर्थीच्या नेवरीशी त्याचे दुरून नाते लागेल. खाल्ला तर संपतो आणि न खाल्ला तर खाता येत नाही, अशा पेचात नोबिता सापडतो. तेव्हा डोरेमॉन त्याला 'बाइबाइन' नावाचे औषध देतो. जपानी भाषेत 'बाइ' म्हणजे पट अथवा दुप्पट. ह्या औषधाचा एक थेंब पडला की पदार्थ दर पाच मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ. खाल्लेला मांजू वाढत नाही. परंतु एकही शिल्लक ठेवता कामा नये, अशी ताकीद डोरेमॉन देतो.

नोबिता आनंदाने खात सुटतो. लवकरच त्याचे पोट भरते. मग मित्रमंडळींना बोलावणे जाते, त्यांचीही पोटे भरतात. अखेरीस राहिलेला मांजू खाववत नाही म्हणून नोबिता तो कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळा होतो. पुढे काय झाले असेल, ते वाचकांनी ओळखलेच असेल. मांजूंचा ढीग वाढतच जातो. डोरेमॉन घाबराघुबरा होऊन हिशेब सांगतो आणि शेवटी तो सारा ढीग अग्निबाणास बांधून अंतराळात सोडून देतो. तेथे कथा संपते. आणि तेथेच आमच्या वर्गातील चर्चा सुरू झाली.

पहिला प्रश्न : किती?

प्रथम आम्ही प्रत्येकास अंदाज करावयास सांगितले. एका तासानंतर किती मांजू होतील? कोणी चोवीस म्हणाले, कोणी शंभर. एका धीट मुलाने "पाचशे" म्हटले, तेव्हा इतर हसले. मग फळ्यावर हिशेब मांडला. एका तासात पाच-पाच मिनिटांचे बारा टप्पे. दोन, चार, आठ, सोळा असे दुप्पट करीत गेल्यावर बाराव्या टप्प्यास उत्तर आले ४,०९६. हसणारे गप्प झाले. दोन तासांनंतर ती संख्या १,६७,७७,२१६ होते.

एका मांजूचे वजन ५० ग्रॅम व आकारमान ५० घनसेंटीमीटर धरू. तासाभरात दोन क्विंटल, दीड तासात १३ टन, दोन तासांत सुमारे ८३९ टन. परंतु टनांचे आकडे ऐकून मन थकते. म्हणून आपल्या ओळखीचे माप घेऊ. काळी नदीवरील सुपा धरण १०१ मीटर उंचीचे आहे. १९८७ साली ते पूर्ण झाले आणि ज्या सुपा गावावरून आपल्या तालुक्याचे नाव पडले होते, ते गाव त्याच्या पाण्याखाली गेले. ह्या जलाशयात सुमारे १४७ अब्ज घनफूट पाणी मावते. पाण्याऐवजी मांजू भरत गेले तर तो केव्हा भरेल?

उत्तर असे की, चार तास पुरे होण्याच्या आतच. परंतु खरा बोध ह्यापुढे आहे. तीन तास वीस मिनिटे झाली, तेव्हा जलाशयाचा किती भाग भरला असेल? शंभरातील जेमतेम सव्वा भाग. काठावर उभा राहिलेला माणूस म्हणेल, "अजून तळही झाकला नाही, काळजी कशाची?" तीन तास पस्तीस मिनिटांनीही तो म्हणेल, "दहावा भागच तर भरला आहे." आणि त्यानंतर वीस मिनिटांच्या आत धरण ओसंडून वाहू लागेल. दुप्पट होत जाणारी गोष्ट ही अशी फसवी असते. बहुतेक सर्व काळ ती क्षुल्लक दिसते आणि जेव्हा ती मोठी दिसू लागते, तेव्हा वेळ उरलेला नसतो.

हा हिशेब जपान्यांचा नव्हे, आपल्याही घरचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त असाच एक प्रश्न आहे. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्याभरात त्याला किती निष्क द्यावे लागतील? दोन कवड्यांनी आरंभलेले हे दान तीस दिवसांत २,१४,७४,८३,६४६ कवड्यांवर जाते. म्हणजे एक लाखाहून अधिक निष्क. नोबिता आणि हा दाता, दोघांचीही चूक एकच. पहिला दिवस पाहून त्यांनी तिसावा दिवस ताडला.

अंतराळात गेलेल्या मांजूंचे पुढे काय झाले, हा प्रश्न मुलांनी सोडला नाही. जपानमधील वाचकांनीही त्यावर पुष्कळ आकडेमोड केलेली आहे. आम्ही ती गणिताचे अध्यापक परत आल्यावर त्यांच्या साहाय्याने करून घेतली. ढीग मधल्या वेळात दडपून लहान होत नाही असे मानले, तर सात तास पाच मिनिटांनी त्याचे आकारमान पृथ्वीहून मोठे होते. पावणेनऊ तासांनी त्याचे वजन सूर्याच्या बरोबरीस येते. सुमारे अकरा तासांनी त्यात १३ कोटी सूर्यांइतके द्रव्य साठते आणि स्वतःच्याच भाराने त्याचे कृष्णविवर होते. तेही बाजूस ठेवून नुसते गुणत गेलो, तर साडेतेवीस तासांत दुर्बिणींच्या आवाक्यातील सारे विश्व मांजूंनी भरून जाते! डोरेमॉनने संकट टाळले नाही, ते एक दिवस पुढे ढकलले, असा निकाल वर्गाने दिला.

दुसरा प्रश्न : एक उरला तर काय बिघडले?

नोबिताचा पक्ष घेणाऱ्यांचे म्हणणे असे होते की, त्याने जवळजवळ सर्व मांजू संपविले होते. एकच राहिला, त्यात एवढे काय झाले? प्रश्न चांगला होता. आम्ही विचारले, "१,०२४ मांजूंपैकी १,०२३ खाल्ले आणि एक ठेवला, तर किती वेळ मिळाला?" मुलांनी मागे मोजले. एकाचे पुन्हा १,०२४ होण्यास दहा टप्पे लागतात, म्हणजे ५० मिनिटे. हजार मांजू खाण्याचे सारे श्रम केवळ ५० मिनिटांच्या मोबदल्यात गेले!

ऋण, अग्नी आणि रोग ह्यांचा शेष ठेवू नये, असे आपल्याकडील सुभाषितकारांनी सांगून ठेवले आहे. ह्या तिन्ही गोष्टी दुपटीने वाढणाऱ्या आहेत, हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. कचऱ्याच्या डब्यात टाकलेली गोष्ट दृष्टीआड होते, नाहीशी होत नाही.

येथे मागच्या बाकावरील तो 'जन्मभर फुकट खाणारा' विद्यार्थी उठला. त्याची युक्ती अशी : दोन मांजू झाले की एक खावा व एक ठेवावा. पाच मिनिटांनी पुन्हा दोन होतील, पुन्हा एक खावा. ढीग कधी वाढणार नाही आणि मांजू कधी संपणार नाही. मुद्दल राखावे आणि व्याज खावे! वर्गाने टाळ्या वाजविल्या. युक्ती खरोखरच निर्दोष होती. नोबिताला ती सुचली नाही, हेच आश्चर्य. परंतु पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "आणि रात्री कोण खाणार?" दिवसाचे २८८ मांजू, तेही घड्याळ लावून. एक रात्र आठ तास झोप लागली, तर सकाळी पृथ्वी जाग्यावर नाही. हशा ओसरल्यावर तो विद्यार्थी स्वतःच म्हणाला, "सर, म्हणजे ते फुकट नव्हे, ती जन्मभराची चाकरी झाली."

तिसरा प्रश्न : ते येते कोठून?

आतापर्यंत एक विद्यार्थिनी काहीच बोलली नव्हती. तिने हात वर केला आणि घाईत मराठी विसरून घरच्या बोलीत विचारले, "सर, पूण तें येता खंयच्यान?" म्हणजे, पण ते येते कोठून? मांजूचे पीठ शेतातून येते, गोडवा उसातून येतो. दुसरा मांजू कशापासून झाला?

वर्गातील साऱ्या प्रश्नांत हा प्रश्न श्रेष्ठ होता, असे आमचे मत आहे. द्रव्य शून्यातून निर्माण होत नाही, त्याचे रूप तेवढे पालटते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकतो. परीक्षेत ते लिहितोही. परंतु पडद्यावर मांजू दुप्पट होताना हसता हसता तो नियम आठवणे, ही निराळी गोष्ट आहे.

हा प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही चुकलेला नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले आणि २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर हे मराठी वाचकांस विज्ञानकथाकार म्हणून परिचित आहेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' ह्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले होते. त्याआधी, १९६० च्या दशकात, केंब्रिज येथे आपले गुरू फ्रेड हॉयल ह्यांच्यासह ते ज्या सिद्धांतावर काम करीत होते, त्यात विश्व प्रसरण पावत असता नवे द्रव्य सतत निर्माण होते असे मानलेले होते. तेही अतिशय मंद गतीने. म्हणजे जणू अतिशय सावकाश चालणारे बाइबाइनच. साहजिकच त्यांनाही हाच प्रश्न आला : ते येते कोठून? त्यांनी तो झटकून टाकला नाही. ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र कल्पून त्यांनी गणिताने दाखविले की, जमेस जितके द्रव्य येते तितकेच दुसरीकडे नावे पडते आणि खाते जुळते. १९६५ साली विश्वात सर्वत्र भरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धांताकडे वळले. सिद्धांत मागे पडला खरा. परंतु हिशेब देण्याचे त्यांनी टाळले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एक कबुली

त्या मुलीचा प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो, आणि त्याचे कारण विज्ञान नव्हते. तो प्रश्न आम्ही स्वतः एकदा विचारावयास हवा होता आणि विचारला नव्हता.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पदवी हाती होती, नोकरी नव्हती. जवळच्या शहरात एका सभेस एका स्नेह्याने आम्हांस नेले. व्यासपीठावरील गृहस्थ फार सुरेख बोलत. प्रत्येकाने ५,००० रुपये भरावे आणि दोन माणसे आणावी. त्या दोघांनी प्रत्येकी दोन आणावी. काही महिन्यांत भरलेले पैसे दुप्पट, पुढे चौपट. फळ्यावर त्यांनी काढलेले आकडे बरोबर होते : दोन, चार, आठ, सोळा. आईने काजूबिया विकून साठविलेले पैसे आम्ही भरले आणि आमच्या शब्दावर विश्वास ठेवून दोन मित्रांनीही भरले. चार महिन्यांनी त्या कचेरीस कुलूप लागले. एका मित्राचे पैसे आम्ही पहिल्या पगारातून फेडले. दुसऱ्याने घेण्याचे नाकारले. त्याच्याशी आमचे बोलणे अद्यापि पूर्वीसारखे झालेले नाही.

आम्ही पदवीधर होतो आणि दोनाचा पाढा आम्हांस येत होता. परंतु सुरेख बोलणाऱ्या त्या गृहस्थांना, "पैसे येतात कोठून?" असे नववीतील मुलीने जे विचारले असते, ते आम्ही विचारले नाही.

ही हकीकत आम्ही वर्गास सांगितली आणि तो हिशेब फळ्यावर मांडला. अशा साखळीत पंधराव्या पायरीवर ३२,७६८ नवी माणसे लागतात आणि तोवरची एकूण संख्या ६५,५३५ होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या सबंध तालुक्याची लोकसंख्या, पाळण्यातील बालके धरून, पन्नास हजारांच्या आसपास होती. म्हणजे पंधराव्या पायरीवर तालुका संपला! तिसाव्या पायरीस १०७ कोटी नवी माणसे लागतात. तेथे देशही पुरत नाही. शिवाय साखळी केव्हाही तुटो, निम्म्याहून अधिक माणसे त्या वेळी शेवटच्या पायरीवरच उभी असतात. वरच्यांना मिळालेला पैसा हा ह्या खालच्यांचाच असतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. पैसा वाढलेला नसतो. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. ह्यास्तवच १९७८ साली आपल्या संसदेने अशा साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा असूनही त्या नवनव्या नावांनी येत राहतात.

मग पैसा प्रामाणिकपणे दुप्पट होतच नाही काय? होतो, परंतु सावकाश. चक्रवाढीत व्याजाच्या दराने ७२ ला भागावे, म्हणजे दुप्पट होण्याचा काळ अदमासे मिळतो. शेकडा सहा दराने १२ वर्षे, बारा दराने सहा वर्षे. टपाल कचेरीतील किसान विकास पत्राची दुप्पट होण्याची मुदत २०२३ च्या एप्रिलमध्ये ११५ महिने ठरविण्यात आली. सरकारास जेथे साडेनऊ वर्षे लागतात, तेथे कोणी पाच महिन्यांत दुप्पट देऊ म्हणत असेल, तर 'कोठून?' हा एकच शब्द उच्चारावा.

हाच नियम कर्ज घेणाऱ्यासही लागू पडतो. महिना शेकडा पाच व्याजाने घेतलेले कर्ज, व्याजावर व्याज चढत गेल्यास, सुमारे सव्वा वर्षात दुप्पट होते. आपल्या पूर्वजांना हे कळले होते. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा धर्मशास्त्राचा दंडक होता. त्यास 'दामदुपट' म्हणत. मुंबई इलाख्यातील ब्रिटिश न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. आणि आपला जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. भविष्यातून मांजर आणून जे साधले नाही, ते त्या जुन्या नियमाने साधले होते : दुपटीला एक शेवट घालून दिला होता. डोरेमॉनच्या मालेचा आरंभही कर्जापासूनच होतो, हे येथे सांगितले पाहिजे. मोठेपणी नोबिताने करून ठेवलेले कर्ज शंभर वर्षांनंतरही फिटलेले नसते, म्हणून त्याचा वंशज त्या यंत्र-मांजरास त्याच्याकडे पाठवितो. हसविणाऱ्या त्या मालिकेच्या तळाशी हा एवढा गंभीर हिशेब दडलेला आहे.

तास संपल्यानंतर

घंटा झाली. सर्व मुले बाहेर गेली. एक विद्यार्थी मागे रेंगाळला. "सर, आमच्या घरी तसाच एक कागद आला आहे. बाबा उद्या सही करणार आहेत. मी त्यांना कसे सांगू?" असे त्याने खाली पाहत विचारले.

वडिलांस मुलाने शिकविणे आपल्या रीतीस धरून नाही आणि ते त्यांच्या मनास लागतेही. आम्ही त्यास म्हणालो, "सांगू नकोस. आजचा गृहपाठ म्हणून तो हिशेब त्यांच्याकडून करवून घे. पहिल्या पायरीपासून पंधराव्यापर्यंत त्यांनाच लिहू दे." तो वही छातीशी धरून पावसात निघून गेला. त्या घरी पुढे काय ठरले, ती त्या घरची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी त्याने वही दाखविली. पंधराही आकडे मोठ्या माणसाच्या हस्ताक्षरात होते आणि शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

विद्यार्थिमित्रांनो, मालिका अवश्य पाहा, मनसोक्त हसा. परंतु पाहून झाल्यावर तिच्यावर आपसांत वाद घाला. वाद घालताना तीन प्रश्न विसरू नका : किती होईल? उरेल ते काय करील? आणि ते येते कोठून? हे तीन प्रश्न ज्याला वेळेवर सुचतात, त्याला पोटात पिशवी असलेल्या मांजराची गरज पडत नाही.

स्वाध्याय

१. दर पाच मिनिटांऐवजी दर दहा मिनिटांनी मांजू दुप्पट झाला असता, तर सुपा जलाशय भरण्यास अदमासे किती वेळ लागला असता?

२. एका तळ्यातील शेवाळ रोज दुप्पट होते आणि तिसाव्या दिवशी तळे पूर्ण भरते. अर्धे तळे कोणत्या दिवशी भरले होते? गावकऱ्यांनी कोणत्या दिवशी जागे व्हावयास हवे होते? दुसऱ्या उत्तरासाठी कारणे द्या.

३. १,०२४ मांजूंपैकी प्रत्येक वेळी निम्मे खाल्ले तर ढीग वाढेल, घटेल की तितकाच राहील? निम्म्याहून एक अधिक खाल्ला तर?

४. 'चूक नोबिताची की डोरेमॉनची?' ह्या विषयावर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा ओळी लिहा. ज्या बाजूशी तुम्ही सहमत नाही, ती आधी लिहा.

५. घरातील वडीलधाऱ्यांकडून 'दामदुपट' ह्या शब्दाविषयी त्यांना काय ठाऊक आहे ते विचारून घ्या आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.